हाक मारली, ऐकू गेली का?



३-४ वर्षांचे मूल ‘ओ’ देत नाही, की आपण त्याला हट्टी ठरवतो. आधी कान तपासून घ्या. सर्दीनंतर पडद्यामागे पाणी साचले तर कमी ऐकू येते. बहुधा दुखत नाही, म्हणून लक्षातही येत नाही.

कान ठीक असतील तर जवळ जाऊन एकच काम सांगा: ‘चपला घाल.’ जमले की दोन: ‘चपला घाल आणि आजीला बोलाव.’

गोष्टीत मध्येच थांबून ‘मग कावळ्याने काय केले?’ असे विचारा आणि वाट पाहा. (हेच आपल्याला जमत नाही!) १९८८ साली अमेरिकेत व्हाइटहर्स्ट व सहकाऱ्यांच्या अभ्यासात, महिनाभर असे प्रश्न विचारत पुस्तक वाचून दाखवलेली लहान मुले बोलण्यात पुढे गेली.

घरात सामवेदी असो की वाडवळी, गोष्ट त्याच बोलीत सांगा. तेवढा वेळ टीव्ही बंद.