फलन : अकरावीच्या उंबरठ्यावरची ओळख

दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकलेला विद्यार्थी अकरावी विज्ञानाच्या वर्गात बसतो आणि गणिताच्या तासाला ‘फंक्शन’ हा शब्द ऐकतो. हा शब्द त्याने पूर्वी ऐकलेला असतो, पण साखरपुड्यासाठी, वाढदिवसासाठी किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी. येथे त्याचा अर्थ निराळा आहे, हे त्याला कळते. कोणता, ते विचारण्याचा धीर होत नाही. पुढे विकलन आणि संकलन ही प्रकरणे येतात. ती दोन्ही याच एका संकल्पनेवर उभी असल्यामुळे तीही धूसर राहतात. वसतिगृहात राहून शिकलेल्या आमच्या पिढीतील कित्येकांनी नेमक्या याच वळणावर गणित सोडले. बुद्धी कमी नव्हती. ओळख करून देणारे कोणी नव्हते. ती ओळख या लेखात करून द्यावी, असा आमचा प्रयत्न आहे.

‘फंक्शन’ला मराठीत ‘फलन’ म्हणतात. त्याचा अर्थ आपल्या जिल्ह्यातच सापडतो. बुलढाणा जिल्ह्यात १३ तालुके आहेत. एका बाजूला गावांचा संच व दुसऱ्या बाजूला तालुक्यांचा संच मांडू आणि प्रत्येक गावाकडून त्याच्या तालुक्याकडे बाण काढू. अमडापूरचा बाण चिखलीकडे, डोणगावचा मेहकरकडे, साखरखेर्ड्याचा सिंदखेड राजाकडे, देऊळगाव महीचा देऊळगाव राजाकडे जाईल. येथे दोन गोष्टी दिसतात. एकही गाव बाणावाचून राहत नाही आणि एकाही गावातून दोन बाण निघत नाहीत. या दोन अटी पाळणारी संगती म्हणजे फलन. ज्या संचातून बाण निघतात तो फलनाचा प्रांत. इंग्रजीत त्याला ‘डोमेन’ म्हणतात.

एका तालुक्याकडे अनेक बाण आले, तर चालते काय? अवश्य चालते. अनेक गावांचा तालुका एक असू शकतो. मात्र उलट दिशेने, तालुका सांगून गाव विचारले, तर उत्तर एक राहत नाही. म्हणून ती उलट संगती फलन नव्हे.

आता गावाऐवजी गावाचे केवळ नाव घेऊ. ‘पिंपळगाव’ म्हटले की आपल्याकडे लगेच विचारतात, “कोणते पिंपळगाव?” पिंपळगाव राजा खामगाव तालुक्यात आहे, तर पिंपळगाव सराई बुलढाणा तालुक्यात. एका नावातून दोन बाण निघाले आणि फलन मोडले. ‘राजा’ किंवा ‘सराई’ जोडताच ते पुन्हा सांधले जाते. फलनाची सारी शिस्त या एका प्रश्नात आहे : दिलेल्या माहितीवरून उत्तर एकच निघते काय?

संख्यांची फलने हीच शिस्त पाळतात. कापसाला क्विंटलमागे ७,००० रुपये भाव धरला आणि क्ष क्विंटल कापूस विकला, तर मिळणारी रक्कम अशी लिहितात :

फ(क्ष) = ७,००० × क्ष

‘फ’ हा नियम आणि ‘क्ष’ ही आत घातलेली संख्या. फ(३) म्हणजे ‘फ गुणिले ३’ नव्हे; ३ ला नियम लावल्यावर मिळणारे फळ, म्हणजे २१,०००. अकरावीत हेच ‘एफ ऑफ एक्स’ या नावाने भेटते. येथे क्ष ऋण असू शकत नाही, कारण उणे तीन क्विंटल कापूस कोणी विकत नाही. प्रांत ठरवणे म्हणजे अशा शक्य किमती ठरवणे. या फलनाचा आलेख सरळ रेषा असतो.

सर्वच आलेख असे सरळ नसतात. एसटीचे भाडे ६ किलोमीटरच्या टप्प्यांवर आकारले जाते. समजण्यासाठी एका टप्प्याचे १० रुपये धरू आणि अपुरा टप्पा पूर्ण मोजू. मग ६ किलोमीटरपर्यंत १० रुपये, त्यापुढे १२ पर्यंत २०, असा आलेख जिन्यासारखा चढतो. २५ किलोमीटरला पाच टप्पे, म्हणजे ५० रुपये.

परंतु २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मे भाडे आहे. त्याच बसने तेवढेच अंतर जाणाऱ्या भावाला ५० आणि बहिणीला २५ रुपये पडतात. केवळ अंतरावरून भाडे एकच निघत नाही. म्हणून भाडे हे आता एकट्या अंतराचे फलन उरले नाही. अंतर आणि प्रवाशाचा प्रकार या दोन्ही गोष्टी सांगितल्या, की उत्तर पुन्हा एकच येते. दोन चलांचे फलन म्हणतात ते हेच.

ही कल्पना परकी नाही. इ. स. ४९९ मधील आर्यभटीयात कोनांसाठी २४ ज्यांची मांडणी आहे. ३ अंश ४५ कलांच्या कोनाला २२५ आणि ९० अंशांना ३४३८. प्रत्येक कोनाला एकच ज्या, म्हणजे फलनाचे कोष्टकच. कंसाची आजची खूण ऑयलरने १७३४ मध्ये वापरली, आणि प्रत्येक किमतीला एकच फळ ही अट डिरिक्ले यांनी १८३७ मध्ये स्पष्टपणे मांडली.

सरावासाठी :

१. मुलाकडून जन्मदात्या आईकडे जाणारी संगती फलन आहे काय? आईकडून मुलाकडे जाणारी?
२. वरील टप्प्यांच्या नियमाने २४ किलोमीटरचे पूर्ण भाडे किती?
३. पूर्ण तिकीट २० रुपयांचे आहे, एवढ्यावरून नेमके अंतर सांगता येईल काय?

उत्तरे : १. पहिली आहे, दुसरी नाही, कारण एका आईला अनेक मुले असू शकतात. २. ४० रुपये. ३. नाही, ६ पेक्षा जास्त आणि १२ पर्यंतचे कोणतेही अंतर असू शकते.

माजी विद्यार्थ्यांना आमची एक विनंती आहे. दहावीचा निकाल लागल्यानंतर कॉलेज सुरू होईपर्यंत जे दिवस मिळतात, त्यांतील एक संध्याकाळ आपल्या गावातील एखाद्या मुलासाठी किंवा मुलीसाठी काढावी आणि गावांचे व तालुक्यांचे बाण त्यांच्या वहीत काढून द्यावेत. आम्हाला जे वेळेवर मिळाले नाही, ते त्यांना वेळेवर मिळावे.