कायमचा रहिवासी किती दिवस कायम?

नागरिकत्व, अधिवास आणि निवास हे तीन शब्द आपण बोलताना सरमिसळ करून वापरतो. कायद्याच्या लेखी मात्र ते निरनिराळे आहेत. नागरिकत्व हे राष्ट्राशी असलेले नाते. निवास म्हणजे प्रत्यक्ष राहणे. एखाद्या ठिकाणी राहणे आणि तेथेच कायम राहण्याचा इरादा या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे अधिवास होतो. आज आपल्याकडील अनेकांचे मुलगे-मुली परदेशी स्थायिक आहेत, आणि त्यांच्यामागून आईवडीलही तेथील 'कायम रहिवासी' होतात. हा दर्जा या तिघांपैकी नेमका कशात मोडतो, हे समजून घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम अधिवासाचे उदाहरण पाहू. अठराव्या शतकात उज्जैन ही शिंद्यांची राजधानी होती. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दौलतराव शिंद्यांनी आपले ठाणे ग्वाल्हेरला हलविले. तरी फौजेबरोबर व कारभाराबरोबर माळव्यात आलेली पुष्कळ मराठी घरे तेथेच राहिली. घरात मराठी टिकली, कुलदैवताच्या दर्शनासाठी दक्षिणेत येणेही टिकले; पण परत जाण्याचा बेत उरला नाही. म्हणून ती माळव्याची झाली.

स्वातंत्र्यानंतर या प्रश्नाला पैशाचे रूप आले. १९४८ ते १९५६ या काळात उज्जैन मध्यभारत राज्यात होते. त्या राज्यातील इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात मध्यभारताच्या रहिवाशांना कॅपिटेशन फी माफ होती, बाहेरच्यांना नव्हती. दिल्लीच्या डी. पी. जोशी या विद्यार्थ्याने याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १९५५ साली न्यायालयाने बहुमताने निर्णय दिला की जन्मस्थान वेगळे आणि निवास वेगळा. संविधानाने जन्मस्थानावरून भेद करण्यास मनाई केली आहे, निवासावरून नव्हे. त्या नियमातील रहिवाशाची व्याख्या ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ज्याचा मूळ अधिवास मध्यभारतातील आहे आणि ज्याने दुसरीकडे अधिवास घेतलेला नाही, तो रहिवासी. बाहेरून येऊन अधिवास घेतलेल्याला मात्र पाच वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागे. पुढे १९८४ साली प्रदीप जैन खटल्यात न्यायालयाने स्पष्ट केले की भारतात अधिवास एकच, तो भारताचा. राज्याराज्यांचे निराळे अधिवास नाहीत.

यातून एक तत्त्व निघते. अधिवास नुसत्या गैरहजेरीने जात नाही. दुसरा घेतला तरच जातो. परदेशातील 'कायम निवास' मात्र गैरहजेरीनेच जाऊ शकतो. तो हक्क कमी आणि परवानगी अधिक आहे. घोटाळा होतो तो येथेच.

समजा, उज्जैनच्या फ्रीगंज भागात घर असलेले एक सेवानिवृत्त दांपत्य आहे. मुलगा अमेरिकेचा नागरिक झाला, त्याने आईवडिलांसाठी ग्रीन कार्ड मिळविले. तेथील थंडी सोसेना, दिवसभर बोलायला कोणी नाही, इकडे घर बंद. म्हणून ते परत आले आणि पाहता पाहता चौदा महिने झाले. कार्डावरची मुदत अजून शिल्लक आहे, म्हणून ते निश्चिंत आहेत. त्यांनी निश्चिंत असावे काय?

नसावे. कार्डावर छापलेली मुदत ही कार्डाची असते, दर्जाची नव्हे. सहा महिन्यांपेक्षा अधिक काळ बाहेर राहिल्यास परतताना नव्याने चौकशी होऊ शकते. एक वर्ष किंवा अधिक झाले की नुसते कार्ड पुनःप्रवेशासाठी पुरत नाही. इतका काळ बाहेर राहावे लागणार असेल, तर निघण्यापूर्वी, अमेरिकेत असतानाच, रीएन्ट्री परमिटसाठी अर्ज करावयाचा असतो. ते सामान्यतः दोन वर्षे चालते. ते न घेता वर्ष उलटले, तर वकिलातीकडे 'परतणारा रहिवासी' म्हणून व्हिसा मागावा लागतो. त्यासाठी दोन गोष्टी दाखवाव्या लागतात: निघताना परतण्याचा इरादा होता, आणि विलंबाचे कारण आपल्या हातचे नव्हते. मार्च २०२० मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय प्रवासी विमाने थांबविली, तेव्हा अडकलेल्यांपाशी असे कारण होते. 'घर सोडवेना' हे कारण मनाला कितीही पटले तरी कायद्याला पुरेसे नाही.

वर्षातून एकदा तेथे पाऊल टेकविले की भागते, असाही एक समज आहे. १९७५ च्या केन प्रकरणात अमेरिकेच्या स्थलांतर अपील मंडळाने तो खोडून काढला. जमैकाची ती स्त्री वर्षातील सुमारे अकरा महिने स्वदेशी राहून आपले निवासगृह चालवी आणि उरलेला थोडा काळ अमेरिकेत जाई. मंडळाने म्हटले की तिचे खरे घर जमैकात आहे. म्हणजे दिवस मोजले जातात, पण घर कोठे, कर कोठे, कुटुंब कोठे, हेही पाहिले जाते.

इतर देशांचे हिशेब निराळे आहेत. कॅनडात पाच वर्षांत ७३० दिवस राहावे लागते. ब्रिटनमध्ये बेमुदत निवासाची परवानगी असली तरी सलग दोन वर्षांहून अधिक काळ बाहेर राहिल्यास ती सामान्यतः संपते.

हे सारे परदेशी कायद्याचेच कठोरपण आहे असे समजू नये. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम १० नुसार नैसर्गिकीकरणाने नागरिक झालेली व्यक्ती सलग सात वर्षे देशाबाहेर राहिली आणि तिने वकिलातीत दरवर्षी नोंद केली नाही, तर तिचे नागरिकत्व काढून घेता येते. विद्यार्थी व सरकारी नोकर यांना त्यात सूट आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम २० सांगते की एखाद्या मतदारसंघात केवळ घर मालकीचे असल्याने कोणी तेथील सामान्य रहिवासी ठरत नाही, आणि तात्पुरते बाहेर गेल्यानेच कोणाचे रहिवासीपण जातही नाही.

आता व्यवहाराच्या दोन गोष्टी. विमानतळावर अधिकाऱ्याने दर्जा सोडल्याचा आय-४०७ हा फॉर्म पुढे केला, तर न वाचता सही करू नये. ती सही ऐच्छिक असते. सही न केल्यास प्रकरण स्थलांतर न्यायाधीशापुढे नेण्याचा हक्क राहतो, आणि दर्जा सोडला हे सिद्ध करण्याची जबाबदारी तेथील सरकारवर असते. दुसरे असे की, तेथे राहायचेच नाही असे ठरले असेल, तर तो दर्जा रीतसर परत करून पाहुण्याच्या व्हिसासाठी अर्ज करणे यात कमीपणा नाही.

सारांश, 'कायम' हा शब्द कागदावर असतो, कायमपणा राहण्यात असतो. अडीच शतकांपूर्वी माळव्यात गेलेल्यांना कोणी दिवस मोजून दाखविण्यास सांगितले नाही. आजच्या वृद्धाला मात्र दोन घरांपैकी आपले कोणते हे एका अधिकाऱ्यापुढे सांगावे लागते. ते उत्तर आईवडिलांनी विमानतळाच्या रांगेत शोधू नये. कागदावर सही करण्यापूर्वी मुलांनी त्यांच्याजवळ बसून ते विचारून घ्यावे.