नफा कोणाला जातो?

घरात लोणचे घातले की वाटीभर शेजारी जाते. लोणचे चांगले उतरले असेल, तर शेजारीण रिकामी वाटी घेऊन परत येते. "जरा आणखी द्या हो," म्हणते. आपल्याकडे हे नेहमीचेच आहे. अमेरिकेत अशाच शेजारधर्मातून एक मोठे काम उभे राहिले. ते कसे, ते आता वाचू या.

अमेरिकेत कनेटिकट नावाचे राज्य आहे. तेथे वेस्टपोर्ट गावी पॉल न्यूमन राहत असत. ते सिनेमातले नामांकित नट. धंद्याने आचारी नव्हेत, पण स्वयंपाकाची भारी हौस! तिकडचे लोक कच्चा भाजीपाला चिरून खातात. आपली कोशिंबीरच म्हणा ना. तिच्यावर तेल, शिरका आणि मसाला एकत्र करून घालतात. न्यूमन यांच्या हातचे हे मिश्रण ओळखीच्या लोकांना फार आवडे. आम्ही काही ते चाखलेले नाही.

१९८० सालचा नाताळ जवळ आला होता. न्यूमन आणि त्यांचे लेखक मित्र ए. ई. हॉचनर यांनी तळघरात मोठ्या भांड्यात हे मिश्रण केले. ढवळायला काय घेतले? होडीचे वल्हे! मग ते जुन्या बाटल्यांत भरले आणि शेजारीपाजारी भेट म्हणून वाटले. बाटल्या रिकाम्या झाल्या, तसे लोक आणखी मागू लागले.

१९८२ साली दोघांनी मिळून ४० हजार डॉलर घातले आणि माल दुकानात आणला. डॉलर हे तिकडचे चलन. बाटलीवर न्यूमन यांचा चेहरा छापला. चेहरा ओळखीचा, म्हणून लोक बाटली उचलत. चव आवडली, म्हणून पुन्हा घेत. पहिल्याच वर्षी ३ लाख डॉलरांच्या वर नफा झाला. आपला चेहरा विकून आपलीच तिजोरी भरायची, हे न्यूमन यांना बरे वाटेना. त्यांनी सगळा नफा धर्मादायाला देऊन टाकला. पुढेही दर वर्षी तेच केले.

इथे जरा थांबू या. 'सगळा नफा' म्हणजे सगळी किंमत नव्हे. समजा, बाटलीची किंमत १०० रुपये आहे. त्यातून तेलाचे पैसे जातात, बाटलीचे जातात. मजुरी, गाडीभाडे, दुकानदाराचा वाटा, हेही जाते. शेवटी ५ रुपये उरले, तर दान ५ रुपयांचेच. गिऱ्हाइकाला मात्र वाटते की आपण १०० रुपये दान केले! म्हणून असा माल घेताना कागदावरची ओळ नीट वाचावी. 'सगळा नफा' लिहिले आहे, की 'नफ्याचा काही भाग'? 'काही भाग' म्हणजे किती? रुपया की पैसा? आता आपल्याला वाचता येते. मग विचारायला लाजू नये.

न्यूमन यांच्या धंद्यात पुढे टोमॅटोची चटणी आली, मक्याच्या लाह्या आल्या, लिंबाचे सरबत आले. १९८८ साली त्यांनी ॲशफर्ड गावी आजारी मुलांसाठी शिबिर उघडले. कॅन्सरसारख्या मोठ्या दुखण्याची मुले तेथे येतात. पोहतात, मासे धरतात, घोड्यावर बसतात. डॉक्टर आणि नर्स जवळच असतात. आईबापांकडून पैसा घेत नाहीत. दवाखान्याच्या खाटेवर महिनेच्या महिने काढलेल्या पोराला घोड्यावर बसायला मिळते, याचे मोल आम्ही काय सांगावे!

२००८ साली न्यूमन वारले. धंदा त्यांच्या धर्मादाय संस्थेकडे आला, आणि एक अडचण उभी राहिली. अमेरिकेत १९६९ सालचा एक कायदा आहे. अशा संस्थेने एखाद्या धंद्याचा पाचव्या हिश्शाहून जास्त वाटा फार काळ ठेवू नये, असे तो सांगतो. दानाच्या नावाखाली धनिकांनी धंदा आपल्याच हातात ठेवू नये, हा त्यामागचा हेतू. हेतू चांगला, पण इथे खरे दान अडले. सरकारने मुदत वाढवून दिली. शेवटी २०१८ साली कायद्यात सवलत झाली. अट अशी, की सगळा नफा दर वर्षी धर्मादायालाच गेला पाहिजे.

आजवर या धंद्यातून ५० कोटी डॉलरांहून जास्त दान झाले आहे. बाटली अजून विकली जाते. तिच्यावर न्यूमन यांचा चेहराही आहे.