घरातील बिनतारी पेटी : तिची जागा व तिच्या किल्ल्या

तलाव काठोकाठ भरलेला असला, तरी घरातला नळ गळका असेल तर हंडा भरत नाही. कळंब्याच्या पाण्यावर वाढलेल्या आपल्या कोल्हापुरास हे निराळे सांगावयास नको. इंटरनेटचीही गोष्ट अशीच आहे. कंपनीची तार कितीही वेगवान असो. ती ज्या लहानशा पेटीपाशी येऊन थांबते, ती पेटी अयोग्य जागी ठेवली असेल, तर माडीवर अभ्यासास बसलेल्या मुलापर्यंत फारसे काही पोचत नाही. आणि तिच्या किल्ल्या उघड्यावर पडल्या असतील, तर जे घरात येऊ नये तेही येते.

मार्च २०२० मध्ये शाळांची दारे बंद झाली व वर्ग घराघरांत भरू लागले, तेव्हा या पेटीचे महत्त्व पालकांच्या ध्यानी आले. तरीही ती बसविण्याचे काम कंपनीच्या कारागिरावर सोपवून बहुतेक मंडळी मोकळी होतात. आमचे मत असे आहे की, नववी-दहावीतील विद्यार्थ्याने आईवडिलांस बरोबर घेऊन हे काम स्वतः करावे. त्यास फार तर एक तास लागेल. ते कसे करावे व त्याची कारणे कोणती, हे सांगणे एवढाच या पाठाचा हेतू आहे.

पेटीचे काम

रस्त्यावरील खांबावरून काचेचा एक केसासारखा बारीक तंतू घरात येतो. त्यातून संदेश प्रकाशाच्या रूपाने धावत असतात. एक यंत्र त्या प्रकाशाचे विजेच्या संकेतांत रूपांतर करते, आणि राउटर हे दुसरे यंत्र ते संकेत घरातील ज्या त्या फोनकडे वा संगणकाकडे बिनतारी लहरींनी पोचविते. हल्ली ही दोन्ही यंत्रे पुष्कळदा एकाच पेटीत असतात. टपाल कचेरीत पत्रे येतात व तेथून पोस्टमन ती ज्याच्या त्याच्या दारी नेतो. राउटर हा घरातला पोस्टमन समजावा.

या लहरी आपल्या देशास नव्या नाहीत. १८९५ साली कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी अशाच जातीच्या सूक्ष्म लहरी भिंतींपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखविली होती. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईच्या नभोवाणी केंद्राचे उद्घाटन झाले. त्यानंतर कित्येक वर्षे घरी रेडिओ ठेवावयाचा, तर त्याचा परवाना काढून टपाल कचेरीत फी भरावी लागे. आज आपल्या पेटीस असा परवाना लागत नाही, कारण २००५ साली भारत सरकारने २.४ गिगाहर्ट्झ या पट्ट्यातील कमी शक्तीची यंत्रे परवान्यातून मुक्त केली.

आता थोडे गणित. २.४ गिगाहर्ट्झ म्हणजे एका सेकंदात २४० कोटी कंपने. प्रकाशाप्रमाणेच या लहरीही सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातात. वेगास कंपनांनी भागिले असता लहरीची लांबी १२.५ सेंटिमीटर येते. पुष्कळशा पेट्या ५ गिगाहर्ट्झची दुसरी लहरही सोडतात. तिची लांबी सुमारे ६ सेंटिमीटर. पहिली लहर भिंतींतून अधिक पार जाते, पण शेजारच्या सर्व पेट्यांची तिच्यात गर्दी असते. दुसरी अधिक वेगाने माहिती वाहते, परंतु भिंत आडवी येताच लवकर थकते. म्हणून पेटी असलेल्या खोलीत दुसरीचा व दूरच्या खोलीत पहिलीचा उपयोग करावा.

जागेची निवड

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की लहरीचे बळ चौथाईवर येते, हा नियम विद्यार्थ्यांनी दिव्याच्या प्रकाशासंबंधी शिकलेलाच आहे. तोच येथे लागू पडतो. यास्तव पेटी घराच्या मध्यभागी ठेवावी. तार दारातून आत येते, म्हणून पेटीही दाराशीच ठोकली जाते. मग अर्ध्या लहरी रस्त्यावर जातात व अर्ध्या घरास मिळतात. कारागिरास दहा मीटर तार अधिक ओढावयास सांगितले, तर हा दोष सहज टळतो.

शिवाजी पेठ किंवा मंगळवार पेठ यांतील जुन्या घरांच्या दगडमातीच्या भिंती हात-दीड हात जाड असतात. नव्या इमारतींचे स्लॅब लोखंडी सळ्यांनी भरलेले असतात. दोन्हींतून लहर जाते, पण क्षीण होऊन जाते. धातूचा पत्रा तर तिला परत फिरवितो. म्हणून लोखंडी कपाटाच्या मागे, स्वयंपाकघरातील भांड्यांच्या मांडणीत, मोठ्या आरशापाशी किंवा पाण्याच्या टाकीलगत पेटी ठेवू नये. मायक्रोवेव्ह भट्टीही जवळजवळ याच कंपनसंख्येवर चालते, तेव्हा तिचाही शेजार टाळावा. पेटी माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर, उघड्या फळीवर असावी. या उंचीचा आणखी एक लाभ आहे. ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी शहरातील पुष्कळ घरांत शिरले, तेव्हा जमिनीलगत ठेवलेल्या वस्तूंची काय दशा झाली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

घर लांबट किंवा दुमजली असेल, तर एका पेटीने भागत नाही. अशा वेळी माडीवर दुसरी पेटी ठेवून ती पहिलीस तारेने जोडणे हा उत्तम उपाय होय.

पहिली किल्ली : घरच्यांची

पेटी सुरू केल्यावर फोन किंवा संगणक तिला जोडावा, आणि ज्या खिडकीत आपण संकेतस्थळांचे पत्ते लिहितो तेथे पेटीच्या खालच्या बाजूस छापलेला पत्ता लिहावा. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असतो. मग पेटीचे व्यवस्थापनाचे पान उघडते. तेथे प्रथम आपल्या बिनतारी जाळ्यास नाव द्यावे. त्यात आडनाव किंवा घरक्रमांक नसावा. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकास आपल्या दाराची पाटी वाचून दाखविण्याचे कारण नाही. नंतर संरक्षणाचा प्रकार डब्ल्यूपीए ३, आणि जुनी यंत्रे तो मानीत नसतील तर डब्ल्यूपीए २, असा निवडावा. मग पासवर्ड लिहावा.

पुष्कळ घरी वडिलांचा मोबाइल क्रमांक हाच पासवर्ड असतो. तो किती दुबळा आहे, हे विद्यार्थ्यांनीच मोजून पाहावे. आपल्याकडील मोबाइल क्रमांक दहा अंकी असून ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो. असे क्रमांक एकूण ४०० कोटी होतात. सेकंदास ४ लाख किल्ल्या लावून पाहणारी यंत्रे आज मिळतात. अशा यंत्रास सारे क्रमांक पालथे घालावयास १०,००० सेकंद, म्हणजे तीन तासांहूनही कमी वेळ पुरतो. एमएच ०९ ने आरंभ होणारा गाडीचा क्रमांक किंवा मुलाची जन्मतारीख यांहूनही लवकर सापडते. याउलट एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द ओळीने लिहिले, तर ते घरच्यांच्या लक्षात राहतात आणि यंत्रास मात्र दमवितात. असा पासवर्ड निदान सोळा अक्षरांचा असावा.

कोणी म्हणेल, ‘आमच्या घरात चोरण्यासारखे आहे काय?’ त्यास आमचे उत्तर आपल्याच राज्यात घडलेल्या एका प्रसंगाने देता येईल. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्यांच्या काही मिनिटे आधी वृत्तसंस्थांस धमकीचे एक ई-पत्र आले होते. तपास करणारे अधिकारी त्या पत्राचा माग काढीत नवी मुंबईतील सानपाडा येथील एका घरी पोचले. त्या घरच्या गृहस्थाचा कटाशी काडीचा संबंध नव्हता. त्याच्या बिनतारी जाळ्याचा परक्यांनी उपयोग केला होता. तरी चौकशीस तोंड त्यालाच द्यावे लागले, कारण इंटरनेटची जोडणी ज्याच्या नावावर असते, त्याच्याच दारी कायदा प्रथम येतो. घरात चोरण्यासारखे काही नसेल. परंतु घराचे नाव असतेच, आणि ते मोलाचे असते.

दुसरी किल्ली : धन्याची

दुसऱ्या किल्लीची पुष्कळांस वार्ताही नसते. पहिल्या किल्लीने माणूस घरात येतो. दुसरीने तो घराची कुलपेच बदलू शकतो. व्यवस्थापनाचे पान उघडण्याचा पासवर्ड तो हाच. कारखान्यातून येताना तो कित्येक पेट्यांत सारखाच असतो, आणि बहुधा ‘अ‍ॅडमिन’ हा एकच शब्द असतो.

२०१६ साली ‘मिराई’ नावाच्या एका प्रोग्रामने अशा साठांहून थोड्या अधिक ठराविक जोड्या लावून पाहत जगभरातील लक्षावधी राउटर व कॅमेरे ताब्यात घेतले. त्याच प्रोग्रामचा उपयोग करून २१ ऑक्टोबर २०१६ रोजी झालेल्या हल्ल्यात अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली. ‘मिराई’ रचणारे तीन तरुण विशीच्या आसपासचे होते, आणि डिसेंबर २०१७ मध्ये न्यायालयात त्यांनी गुन्हा कबूल केल्याचे जाहीर झाले. केवढी ही बुद्धी, आणि तिचा हा काय उपयोग! विद्यार्थ्यांनी याचाही विचार करावा. आपल्या देशात जुलै २०१७ मध्ये भारत संचार निगमाच्या अनेक ग्राहकांच्या मोडेमवर असाच हल्ला झाला. मूळ पासवर्ड न बदललेले मोडेम त्यास बळी पडले, व पासवर्ड बदला असे ग्राहकांस सांगण्याची वेळ निगमावर आली.

म्हणून हा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा, पहिल्या किल्लीहून वेगळा ठेवावा, आणि वहीत लिहून ती वही घरातील कागदपत्रांबरोबर जपावी. डब्ल्यूपीएस नावाची सोय बंद करावी, कारण तिचा आठ अंकी आकडा ओळखून काढणे सोपे आहे. पेटीचा अंतर्गत प्रोग्राम आपोआप सुधारत राहील, अशी व्यवस्था असल्यास ती चालू करावी.

पाहुणे व शेजारी

आलेल्या पाहुण्याने पासवर्ड मागितला आणि तो दिला नाही, तर आपल्याकडे कंजूषपणा ठरतो. या संकटावर पेटीतच उपाय आहे. बहुतेक पेट्यांत पाहुण्यांसाठी निराळे जाळे उघडता येते. त्यातून इंटरनेट मिळते, परंतु घरातील संगणक, कॅमेरे वगैरेंपर्यंत हात पोचत नाही. ओसरी पाहुण्यास मोकळी, माजघर घरच्यांचे. ही आपल्या वाडवडिलांचीच रीत होय. शेजारच्या एखाद्या होतकरू मुलास परीक्षेच्या दिवसांत आपल्या जोडणीची गरज असेल, तर त्यास याच जाळ्याने अवश्य साहाय्य करावे. शेजाऱ्यास विरजण द्यावे, घराची किल्ली देऊ नये. परीक्षा संपल्यावर त्या जाळ्याचा पासवर्ड बदलावा, म्हणजे झाले.

वैशाखातील वळिवाच्या वेळी विजा चमकू लागल्या, की पेटीची पिन भिंतीतून काढून ठेवावी. काचेच्या तंतूतून वीज येत नाही, पण विजेच्या तारेतून येते.

एक प्रयोग

सुट्टीत विद्यार्थ्यांनी पुढील प्रयोग करून पाहावा. वेग मोजण्याचे साधन फोनवर घेऊन घराच्या प्रत्येक खोलीत तीन-तीन वेळा वेग मोजावा व त्यांची सरासरी वहीत लिहावी. मग पेटी दुसऱ्या जागी नेऊन तीच मापे पुन्हा घ्यावीत. शेवटी फोन झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवून दुसऱ्या फोनवरून त्यास वाय-फायने हाक मारून पाहावी, म्हणजे धातूचा गुण प्रत्यक्ष कळेल. ज्या जागी अभ्यासाच्या खोलीतील वेग सर्वांत अधिक येईल, ती पेटीची जागा. ती ठरली, की आईवडिलांस जवळ बसवून दोन्ही पासवर्ड त्यांच्यासमोर बदलावेत आणि वही त्यांच्या हाती द्यावी. पेटीचे ज्ञान मुलास अधिक असेल. परंतु घराच्या किल्ल्या वडीलधाऱ्यांच्या कनवटीस असाव्यात, हेच शोभते.