लेक परदेशात इंग्रजी शिकवायला निघते तेव्हा

"मला बाहेर जाऊन इंग्रजी शिकवायचंय," असं पोरांनी म्हटलं की आपल्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, "आणि पुढे काय?" मुलगा इंजिनिअर होऊन जर्मनीला चाललाय हे सांगायला सोपं असतं. मुलगी थायलंडमधल्या शाळेत शिकवायला निघालीय, हे मात्र लग्नकार्यात चारचौघांत सांगताना आपला आवाज आपोआप खाली येतो. पोरांच्या ते लक्षात येतं. ती काही बोलत नाहीत, फक्त पुढचा अर्ज आपल्याला न सांगता भरतात.

आपला हेतू वाईट नसतो. दिवसभराच्या धावपळीनंतर आपल्याला फक्त एवढंच ऐकायचं असतं, की हिचं नीट होईल. पण तेवढी खात्री कोणीच देऊ शकत नाही म्हटल्यावर आपण शंका काढत बसतो.

आमची लेक सेल्टा करत होती तेव्हा मला या कामाची पहिली ओळख झाली. हा केंब्रिजचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, किमान 120 तासांचा. त्यातले सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांसमोर उभं राहून शिकवायचं आणि मागे बसलेले प्रशिक्षक एकेक हालचाल टिपून घेणार. घरी तिची विद्यार्थिनी म्हणजे आजी. फ्रिजवर कागद चिकटवलेला, त्यावर एक आडवी रेघ, रेघेच्या मधोमध 'आज' आणि डावीकडे फुली. मराठीचा एक शब्दही न वापरता, नुसत्या खुणांनी ती आजीला 'काल काय केलंत' हे विचारायची. विचारून झालं की गप्प. आजी लसूण सोलता सोलता शब्द जुळवत राहायची. मला राहवायचं नाही, उत्तर ओठांवर यायचं. पण लेक हात वर करून मला थांबवायची. बऱ्याच वेळाने आजी म्हणाली, "आय वेन्ट मंडई." दोघींच्याही चेहऱ्यावर जे उमटलं ते पाहिल्यावर "हे काय करिअर आहे?" हा प्रश्न पुन्हा विचारावासा वाटला नाही.

पोरांना खरा घाव बसतो तो पुढे, नोकरी शोधताना. कोरियाच्या सरकारी शाळांसाठी जी 'एपिक' योजना आहे, तिचं दार मुख्यतः अमेरिका, ब्रिटन, कॅनडा अशा सात देशांच्या नागरिकांसाठी उघडं आहे. भारत आणि कोरिया यांच्यातला व्यापार करार 2010 पासून लागू झाला आणि त्यात आपल्याकडच्या शिक्षकांसाठी एक वाट निघाली. पण ती अरुंद आहे आणि शिक्षकाची पात्रता मागते. थायलंडमध्ये आपल्या मुलांना नोकऱ्या मिळतात, मात्र त्यांच्याकडे पदवीबरोबर टोइकसारख्या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण मागतात. इंग्लंडहून आलेल्याला ते मागत नाहीत.

एकामागून एक नकार आले की मुलं हिरमुसतात. "माझे उच्चार बरे नाहीत का गं?" असं रात्री उशिरा विचारतात. तेव्हा "म्हणूनच मी सांगत होते" हे वाक्य कृपा करून गिळून टाका. नकार पासपोर्टला आहे, पोरीला नाही, हे तिला आपल्या तोंडून ऐकायचं असतं. आणि ते खरंही आहे. इंग्रजी शिकवण्यात आपली माणसं कुठे कमी नाहीत. भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभूंनी 1979 पासून पाचेक वर्षं दक्षिण भारतातल्या साध्या शाळांमध्ये, मुलांना छोटी छोटी कामं सोडवायला देऊन इंग्रजी शिकवण्याचा प्रयोग केला; तो बंगळूर प्रकल्प आजही जगभर इंग्रजीचे शिक्षक अभ्यासतात. जिने स्वतः पाचवीत क्रियापदांशी झटापट केली, तिला समोरचं मूल कुठे अडणार हे आधीच कळतं. माझ्या मते ही तिची सगळ्यात मोठी जमेची बाजू.

सुरक्षिततेची काळजी मात्र अगदी रास्त आहे, ती सोडू नका. थायलंडमधल्या नोकरीच्या नावाखाली आपल्या तरुणांना म्यानमारच्या सीमेवरच्या ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर नेल्याचे प्रकार घडले आहेत. "टुरिस्ट व्हिसावर या, बाकीचं इथे बघू," असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबायचं. शिकवायला वेगळा कामाचा व्हिसा आणि वर्क परमिट लागतं. मध्ये एजंट असेल तर त्याची नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते. शाळेचा पत्ता, करार किती महिन्यांचा, उन्हाळी सुट्टीचा पगार मिळतो की नाही, हे सगळं लेखी हवं. थायलंडमधलं शाळेचं वर्ष साधारण मेच्या मध्यापासून मार्चपर्यंत चालतं आणि सुट्टीत हात रिकामे राहू शकतात.

"पुढे काय?" हा प्रश्न चुकीचा नाही, फक्त तो दटावून न विचारता तिच्या शेजारी बसून विचारायला हवा. करार बहुतेक वर्षावर्षाचे असतात, भविष्यनिर्वाह निधीसारखं काही असेलच असं नाही. नुसत्या प्रमाणपत्रावर फार वर्षं निघत नाहीत. जे टिकतात ते पुढे सेल्टाच्या वरचा डेल्टा हा अभ्यासक्रम करतात, बी.एड. करून आंतरराष्ट्रीय शाळांकडे वळतात किंवा शिक्षकांना शिकवू लागतात. हैदराबादला 1958 पासून इंग्रजी शिक्षकांना घडवणारी संस्था आहे, आज ती इंग्रजी आणि परदेशी भाषांचं विद्यापीठ म्हणून ओळखली जाते. परत आल्यावरही शिकायची वाट बंद होत नाही.

आणि ती गेल्यावर रोज फोनवर "जेवलीस का, पैसे पुरतात का" एवढंच नको. बँकॉकचं घड्याळ आपल्यापुढे दीड तास असतं. तिचा दिवस आपल्याआधी सरतो, ती दमलेली असते. वर्गातल्या एखाद्या पोराबद्दल विचारा, बघा ती किती बोलते.

या रविवारी घाई नसेल तर एक करा. तिने मागवलेला कराराचा कागद दोघांनी मिळून, पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत वाचा. समजलं नाही तिथे तिला विचारा, आणि तिचं उत्तर येईपर्यंत थांबा.