उन्हाळी भाजीपाल्यासाठी प्रक्रिया केलेले सांडपाणी: खताचा हिशेब आणि दक्षता

विहिरींची पातळी खालावू लागल्यावर शहरांलगतच्या भाजीपाला उत्पादकांना सांडपाण्याचाच आधार उरतो. पुण्याचे पाणी मुंढवा येथील जॅकवेलमधून उचलून बेबी कालव्याने हवेली व दौंड तालुक्यांकडे नेले जाते, हे त्याचे परिचित उदाहरण आहे. अशा पाण्याकडे केवळ ओलावा म्हणून पाहिले जाते, आणि बहुतेक चुकांचे मूळ तेथेच असते. कारण हे पाणी म्हणजे प्रत्येक पाळीबरोबर, पिकाला गरज असो वा नसो, शेतात पडणारे पातळ खत होय.

त्याचा हिशेब सोपा आहे. पाण्याच्या तपासणी अहवालात एकूण नत्र, म्हणजे अमोनिया, नायट्रेट आणि सेंद्रिय अशा सर्व रूपांतील नत्राची बेरीज, लिटरला 20 मिलिग्रॅम आढळली आणि हंगामात एकरी 20 लाख लिटर पाणी दिले गेले, तर एकरी 40 किलो नत्र जमिनीत जाते. युरियाच्या 45 किलोच्या जवळजवळ दोन गोण्यांत असते तेवढे. ते सगळेच पिकाला लागू पडत नसले तरी शिफारशीतील नत्राच्या मात्रेतून त्याचा मोठा भाग वजा करणे आवश्यक ठरते. हीच रीत स्फुरद व पालाश यांनाही लागू आहे, मात्र अहवालातील आकडा मूलद्रव्याचा आहे की खताच्या गोणीवर छापतात त्या ऑक्साइड रूपाचा, हे आधी पाहावे.

खरी अडचण मात्रेपेक्षा वेळेची आहे. फळधारणेनंतरही नत्र येत राहिल्यास टोमॅटो पाल्यावर जातो आणि फळे उशिरा पिकतात. कांद्याची मान जाड राहून तो चाळीत टिकत नाही. त्यामुळे विहिरीचे थोडे जरी पाणी उपलब्ध असेल, तर ते सुरुवातीला संपवण्याऐवजी शेवटच्या पाळ्यांसाठी राखून ठेवणे शहाणपणाचे असते, आणि त्याचा दुसरा लाभ रोगजंतूंच्या बाबतीत होतो.

प्राथमिक प्रक्रियेत गाळ खाली बसतो आणि द्वितीय प्रक्रियेत जिवाणू सेंद्रिय घाण कुजवतात. परंतु रोगजंतू व जंतांची अंडी पुरेशी कमी होण्यासाठी त्यापुढे गाळणी आणि निर्जंतुकीकरण लागते. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने 1989 मध्ये 100 मिलिलिटरमागे जास्तीत जास्त 1,000 विष्ठाजन्य कोलिफॉर्म जिवाणू आणि लिटरमागे जास्तीत जास्त एक जंताचे अंडे, अशी मर्यादा सुचवली होती; 2006 च्या मार्गदर्शिकेत मात्र प्रक्रिया, ठिबक, काढणीपूर्व खंड, धुणे आणि शिजवणे अशा एकामागून एक अडसरांवर भर देण्यात आला. नदीपात्रातून उचललेल्या पाण्यात प्रक्रिया न झालेले मैलापाणीही मिसळलेले असू शकते, म्हणून अशा पाण्यावर कोथिंबीर, मुळा, गाजर, काकडी घेऊ नयेत. मांडवावरील दोडका, कारले, दुधी किंवा शिजवून खाल्ली जाणारी वांगी अधिक सुरक्षित ठरतात. तुषार सिंचन टाळावे, ठिबकच्या नळ्या आच्छादनाखाली ठेवाव्यात आणि काढणीआधी शक्य तितके दिवस हे पाणी बंद ठेवावे. ऊन व कोरडेपणा यांमुळे पृष्ठभागावरील बरेच जंतू मरतात. नळ्यांत शेवाळ व चिकट थर साचत असल्याने वाळूच्या गाळणीमागे चकती गाळणी बसवून ती नियमित धुवावी लागते. मजुरांना गमबूट व हातमोजे देणे हा खर्च नव्हे, लागवडीचाच भाग आहे.

क्षारांकडे उन्हाळ्यात विशेष लक्ष हवे, कारण बाष्पीभवनाने ते वरच्या थरात साचतात. घेवडा आणि कांदा क्षारांना लवकर बळी पडतात, टोमॅटो थोडा अधिक तग धरतो. निचरा कमी असलेल्या काळ्या जमिनीत सोडियममुळे मातीची रचना बिघडते; तेथे माती परीक्षणानुसारच जिप्सम द्यावे.

कारखान्यांचे पाणी मिसळत असल्यास हे पाणी भाजीपाल्याला न देणेच योग्य, कारण कॅडमियमसारखे जड धातू नेहमीच्या प्रक्रियेने पूर्णपणे निघत नाहीत आणि पालकासारख्या पालेभाज्यांत साचतात. शेजारच्या विहिरीचे पाणी घरात पिण्यासाठी वापरले जात असेल, तर त्यातील नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमच्या आत आहे याची खात्री पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर अशी दोन वेळा करून घ्यावी.