काळवंडलेलं बेकेलाईट पुन्हा लावू नकोस

बेटा, मोटारीचं काम शिकतोयस तर आधी बेकेलाईट ओळखायला शीक. स्टार्टरचे भाग, मोटारीची टर्मिनल प्लेट, घरातल्या कुकरचं हँडल, सगळीकडे ते भेटेल. कटिंग डिस्कमधले दाणे आणि ब्रेक लायनरही याच जातीच्या राळेने धरून ठेवलेले असतात. लिओ बेकलँड यांनी १९०७ साली अमेरिकेत फेनॉल आणि फॉर्मल्डिहाइडपासून ते बनवलं. साच्यात एकदा पक्कं झालं की पुन्हा वितळत नाही, भाजलेल्या भाकरीचं पीठ होत नाही तसं. पीव्हीसी सत्तर-ऐंशी अंशांवर नरम पडतं. चांगलं बेकेलाईट दीडशेपर्यंत टिकतं.

पण वितळत नाही म्हणून जळतही नाही, असं समजू नकोस. जास्त तापलं की ते कोळसा धरतं, आणि कोळशातून वीज वाहते. दोन टर्मिनलांच्या मधे केसाएवढी काळी रेघ दिसली, तरी तो भाग बाद. पॉलिश पेपरने घासून, वार्निश मारून पुन्हा बसवणारे पुष्कळ आहेत. त्यांचं बघून शिकू नकोस. वरचा कोळसा निघतो, आतला राहतो, आणि पुढच्या दमट दिवसात तिथेच ठिणगी पडते.

आपल्याकडे मिरचीच्या गिरण्यांत हे फार जपावं लागतं. बारीक भुकटी स्टार्टरच्या डब्यात शिरते, पावसाळ्यात ओल धरते. आधी मेन स्विच बंद, मग तिन्ही फेज टेस्टरने तपासायचे, मगच डबा उघडायचा. भुकटी कोरड्या ब्रशने काढ. ओलं फडकं अजिबात नको.

बहुतेक वेळा मूळ कारण ढिला स्क्रू असतं. गिरणीच्या हादऱ्याने तो सैल होतो, तिथे उष्णता धरते, मग औषधी, उग्र वास येतो. शहाद्याकडच्या शेतात व्होल्टेज पडलं की स्टार्टरमधला कॉन्टॅक्टर कडकड वाजतो, त्यानेही तसंच होतं. म्हणून प्लेट बदलण्याआधी वायरच्या टोकाची थिंबल नीट दाबलेली आहे का, ते बघ. आवळतानाही जोर लावू नकोस. बेकेलाईट वाकत नाही, तडकतं. वॉशर घालून, हाताने घट्ट लागेल इतकंच. तडा फेविक्विकने जोडायचा नाही.

नवा माल घेताना फसू नकोस. काळं दिसतं ते सगळं बेकेलाईट नसतं. सुट्या भागाच्या मागच्या बाजूला तापलेली सुई टेकव. साध्या प्लास्टिकमध्ये ती आत शिरते, बेकेलाईटवर नुसता डाग पडतो. भोक पाडताना तोंडाला रुमाल बांध, ती भुकटी छातीला वाईट. तुटके तुकडे शेकोटीत टाकू नकोस, धूर घातक असतो.

हंगामात मालक म्हणेल, आजचा दिवस चालव. तेव्हा जळकी प्लेट त्याच्या हातात दे, आणि नवी आल्याशिवाय मोटार सुरू करू नकोस.